आमले कोनी इचारं?

आमच्या शाळेच्या कपाटातलं पुरस्कारप्राप्त पुस्तक ओळखायला मुखपृष्ठ बघावं लागत नाही. ज्याची पानं अजून करकरीत आहेत, उघडताना कटकट वाजतात, ते पुरस्कारप्राप्त. ज्याचा पुठ्ठा निघालाय, सुरुवातीची पानं गायब आहेत आणि मधल्या कुठल्यातरी पानावर तिखट-मीठ लावलेल्या कैरीचा डाग आहे, ते पोरांचं.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. गावाचं नाव सांगत नाही. गावातले लोक पुस्तकं वाचत नाहीत, पण मोबाइलवर आलेलं सगळं वाचतात. आमच्या तालुक्यात शिक्षक असण्याचं एक वेगळंच दडपण असतं. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मास्तर होते. त्यामुळे कुठल्याही कार्यक्रमाला पाहुणा आला की आधी 'याच भूमीत साने गुरुजींनी मुलं घडवली' असं म्हणतो, थांबतो, आणि मग आम्हा शिक्षकांच्या रांगेकडे बघतो. त्या बघण्याचं उत्तर अजून कोणाला सापडलेलं नाही. आम्ही सगळ्या जणी टाळ्या वाजवतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरलाच भरलं, तेव्हा हे दडपण फारच वाढलं. मी यादी करून गेले. साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्याला वेगळा पुरस्कार द्यायला सुरुवात केली. मराठीतला पहिला मिळाला अनिल अवचटांच्या 'सृष्टीत गोष्टीत'ला, पुढच्या वर्षीचा दिलीप प्रभावळकरांच्या 'बोक्या सातबंडे'ला. मग ल. म. कडूंचं 'खारीच्या वाटा', सलीम मुल्लांचं 'जंगल खजिन्याचा शोध', संगीता बर्वेंचं 'पियूची वही'. पुस्तकांच्या गाळ्यांवर ही गर्दी! धक्के खात, पदर सांभाळत, काही शाळेच्या पैशातून आणि बरीचशी स्वतःच्या पर्समधून पुस्तकं घेतली. घरी आल्यावर यजमानांनी पिशवी उचलून बघितली आणि म्हणाले, "एवढ्या वजनाची ज्वारी आली असती." मी त्यांना काही बोलले नाही. संमेलनाचा प्रभाव होता.

शनिवारी दप्तर नसतं. मी सतरंजी अंथरली, त्यावर पुस्तकं मांडली आणि म्हटलं, "ज्याला जे आवडेल ते घ्या. ही सगळी पुरस्कार मिळालेली पुस्तकं आहेत हं!"

पोरांनी हातच लावला नाही. पुरस्कार म्हटल्यावर त्यांना वाटलं, ही पाहुण्यांना द्यायची आहेत.

समजूत काढल्यावर निवड सुरू झाली. चौथीतल्या एकाने 'जंगल खजिन्याचा शोध' उचललं. त्याचे आजोबा बाजारात बैलाचे दात बघतात, तसंच त्याने ते पुस्तक बघितलं. आधी हातावर तोललं. मग पाठीवर थाप मारली. मग नाक खुपसून वास घेतला, पानं फरकन सोडून वारा घेतला, शेवटचं पान उघडून तिथला आकडा बघितला आणि ओठ बाहेर काढले. एवढं झाल्यावर मुखपृष्ठाकडे वळून बोट अंधारावर ठेवत विचारलं, "यामा वाघ शे का?" मी म्हटलं, वाचून बघ. तो म्हणाला, "नई, पहिले सांगा."

तिसरीतल्या दोन वेण्यांच्या मुलीचं शास्त्र वेगळं. ती फक्त चित्रं मोजते. चित्रांची संख्या पानांच्या निम्म्याहून कमी भरली की पुस्तक नापास. 'पियूची वही'वर तिच्यात आणि तिच्या मैत्रिणीत भांडण लागलं, पण ते पुस्तकावरून नव्हतंच. पियूला स्वतःची वही आहे आणि आपल्याला गृहपाठाचीच का, असा मुद्दा होता. तो माझ्यावर येऊन थांबला.

चर्चेला सुरुवात करायची म्हणून मी पुरस्काराचं महत्त्व सांगायला घेतलं. लगेच प्रश्न आला, बक्षीस किती? म्हटलं, ५० हजार रुपये आणि ताम्रपट. ताम्रपट म्हणजे तांब्याचा पत्रा, त्यावर मजकूर कोरलेला. तांब्याचा भाव काय चाललाय यावर थोडी कुजबुज झाली, कारण एकाच्या काकाची मोटारीची तार चोरीला गेली होती. तेवढ्यात चौथीतल्या हुशार पोराचं गणित झालं. भागाकार त्याला पाटीवर येत नाही, पण कापसाच्या भावाने ५० हजाराला भागून तो झटक्यात म्हणाला, "सात क्विंटल."

"मॅडम, एक पुस्तक लिखाले कितला दिन लागतस?"

"वर्ष लागतं. कधीकधी दोन वर्षंसुद्धा."

"मंग कापूसच परवडस."

मागून एक बारीक आवाज आला, "कापूस बी नई परवडस." यावर वर्गात जी चर्चा झाली ती शिक्षणाधिकाऱ्यांनी ऐकायला हवी होती. बोंडअळी, मजुरी, व्यापारी, सगळं आलं. पुस्तकं सतरंजीवर तशीच.

मी विषय परत ओढून आणला. पुरस्कार कोण देतं, ते सांगितलं. प्रत्येक भाषेसाठी तीन परीक्षक असतात.

"त्या कितवीले शेतस?"

"अरे, परीक्षक म्हणजे मोठी माणसं. लेखक, अभ्यासक."

वर्ग एकदम शांत. इतका शांत वर्ग मला तपासणीच्या दिवशीसुद्धा मिळत नाही. मग दोन वेण्या उभ्या राहिल्या. "पोरेसना पुस्तकले मोठा मानसे बक्षीस देतस? आमले कोनी इचारं?"

माझी बाजू पडत होती. अशा वेळी आपण सगळे करतो तेच मी केलं, अमेरिकेला मध्ये आणलं. सांगितलं की तिकडे १९२२ पासून न्यूबेरी पदक देतात, खास लहान मुलांच्या पुस्तकांसाठी. पुढे १९३८ पासून चित्रांच्या पुस्तकांसाठी कॅल्डेकॉट पदक सुरू झालं. तिथल्या ग्रंथपालांच्या संघटनेची समिती असते, तीन नाही, चांगली १५ जणांची!

"त्यामा पोरे कितला?"

"एकही नाही," मला सांगावं लागलं.

"मंग तठे बी तेच."

शंभर वर्षांच्या अमेरिकन परंपरेचा एवढ्या कमी शब्दांत निकाल लागलेला मी तरी ऐकलेला नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्यात खोट काढता आली नाही. भाजीत मीठ किती ते जेवणारा सांगतो. इथे मात्र चाखणार एक, जेवणार दुसरा.

शेवटचा उपाय म्हणून मी खान्देशी अभिमानाला हात घातला. राज्य शासनाच्या बालवाङ्मय पुरस्कारांत कवितेचा पुरस्कार बालकवींच्या नावाने आहे आणि कादंबरीचा साने गुरुजींच्या. "बालकवी कुठले माहीत आहे? आपल्या धरणगावचे! १८९० साली तिथे जन्मले!" वर्गात खरोखरच चैतन्य पसरलं. "धरणगावले मना मामा राहस!" असं एक जण ओरडला. मग मामाची बोअर, बोअरचं पाणी, मामाची बकरी आणि तिला झालेली दोन पिल्लं. एका पिल्लाचं नाव बालकवी ठेवायचं ठरलं. मी याची नोंद 'स्थानिक साहित्यिकांविषयी आस्था' या रकान्यात केली.

आबा महाजनांच्या नावाला मात्र जोरदार प्रतिसाद मिळाला. त्यांच्या 'आबाची गोष्ट'ला २०२० चा अकादमी पुरस्कार आहे, आणि ते आपल्या जळगाव जिल्ह्याचे, असं सांगून मी पुढे म्हटलं की ते तहसीलदार होते. पोरांचे डोळे विस्फारले. लेखक या प्राण्याविषयी त्यांच्या मनात काहीच नव्हतं, तहसीलदाराविषयी पुष्कळ होतं. "उत्पन्नाना दाखलावर सही करतस त्या?" "हो, तेच." पुस्तक हातोहात फिरलं. दोघांनी तर आत कुठे सही-शिक्का आहे का, ते शोधलं.

आता प्रत्यक्ष चर्चा. प्रशिक्षणात आम्हाला सांगतात, मुक्त प्रश्न विचारा. मी एक गोष्ट वाचून दाखवली आणि मुक्त प्रश्न विचारला, "मुलांनो, यातून तुम्हाला काय वाटलं?"

सगळा वर्ग एका सुरात, "खोटं बोलू नये!"

गोष्ट पक्ष्यांच्या घरट्यांवर होती. त्यात कोणी खोटं बोलत नाही. फारसं कोणी बोलतच नाही. पण पोरांना अनुभव आहे: गोष्ट कुठलीही असो, शेवटी मॅडमला हे उत्तर दिलं की सुट्टी होते. मी प्रश्न बदलून बघितला. "यातलं कोण आवडलं?" उत्तर आलं, "लेखक." हेही कोणीतरी पढवलेलंच.

एक पुस्तक होतं, नाव सांगत नाही, भल्या मोठ्या पुरस्काराचं. त्यातला मुलगा फार हळवा. शहरातल्या फ्लॅटच्या खिडकीत बसून तो पाऊस बघतो आणि त्याला बरंच काही वाटतं. मला स्वतःला ते फार आवडलं होतं, वाचताना एके ठिकाणी डोळे ओले झाले होते. पोरं ऐकत होती. पाचव्या पानापर्यंत कोणी हललं नाही, म्हणून मी खूश. मग एकाने हात वर केला. "मॅडम, हाऊ पानी कवयपासून चालू शे?" म्हटलं, पहिल्या पानापासून. "आनि हाऊ खिडकीमाच बसेल शे?" हो. "याले कोनी काम नई सांगत?" मग प्रश्नांची सरच आली. याने सकाळपासून काही खाल्लं का? याची माय कुठे आहे? एवढ्या पावसात कपडे कुठे वाळत घातले? फ्लॅटला ओटा नसतो, तर म्हातारी बसते कुठे? दुष्काळाच्या सालात दुबार पेरणी बघितलेली ही पोरं, त्यांना त्या मुलाच्या एकटेपणापेक्षा त्याच्या पावसाचा हेवा वाटत होता. तास संपला तेव्हा मुलगा खिडकीतच होता आणि वर्गाने त्याला कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊ घालायचा ठराव केला होता. परीक्षकांनी त्या पुस्तकावर काय चर्चा केली असेल, मला माहीत नाही. याहून गंभीर केली असेल असं वाटत नाही.

मध्येच वरिष्ठांचा निरोप आला, वाचन उपक्रमाचे फोटो दुपारपर्यंत ग्रुपवर टाका. फोटोत पुस्तक वाचायचं नसतं, दाखवायचं असतं. म्हणून सगळ्यांना पुस्तकं छातीशी धरून, मुखपृष्ठ बाहेर करून उभं केलं. दोघं-तिघं त्या वेळी खरंच वाचत होते, त्यांना ओरडून उठवावं लागलं.

पुढे २०२४ चा अकादमी पुरस्कार भारत सासण्यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला जाहीर झाला. जळगावहून ते पुस्तक मागवलं. मुखपृष्ठावर भूतबंगला हा शब्द वाचल्यावर ना तोलणं झालं, ना वास घेणं. आठवडाभरात त्याचा एक कोपरा दुमडला, दुसऱ्यावर तेलाचं बोट उमटलं. एक जण ते घरी घेऊन गेला आणि परत आणायला विसरला, म्हणून दोघांनी त्याच्या घरी जाऊन तगादा लावला. पतसंस्थेच्या वसुलीवाल्यांना जमणार नाही असा.

त्यानंतर वर्गाने स्वतःची समिती नेमली. १५ जणांची, अमेरिकेसारखी, पण सगळी पोरं. मला फळा पुसायचं काम दिलं. नियमांवर दोन शनिवार वाद झाला. पुस्तकात कोणीतरी पोटभर जेवलं पाहिजे. कुत्रा मरता कामा नये. मास्तर-मास्तरीण सारखे प्रेमळ दाखवलेले चालणार नाहीत, कारण ते खोटं वाटतं. (हे म्हणताना माझ्याकडे कोणी बघितलं नाही, हे मी मुद्दाम नमूद करते.) मतदान झालं, समशेर निवडून आला. त्याच पुस्तकाला दिल्लीच्या अकादमीच्या तिघा परीक्षकांनीही बक्षीस दिलंय, अशी आठवण मी करून दिली. समितीच्या अध्यक्षा, म्हणजे दोन वेण्या, जरा विचार करून म्हणाल्या, "म्हंजे त्यासले बी थोडंसं समजस."

मग त्यांनी अर्जलेखनाच्या पाठात शिकवल्याप्रमाणे पत्र लिहिलं. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं, मजकुराला त्यांनी हात लावू दिला नाही:

'प्रति, माननीय परीक्षक, दिल्ली. विषय: पुस्तक मंजूर करणेबाबत. महोदय, आपण निवडलेले भुताचे पुस्तक आमच्या समितीने तपासले व मंजूर केले आहे. बाकीची पुस्तके तपासणे चालू आहे. पुढच्या वर्षी निवडण्याआधी आम्हाला विचारावे. आम्ही शनिवारी मोकळे असतो. कापूस वेचायच्या दिवसांत येऊ नये, तेव्हा शाळेत फक्त मॅडम असतात. डबा आणू नये, खिचडी मिळते. ताम्रपट बघायला आणावा, परत देऊ. जाण्या-येण्याचा खर्च मॅडम देतील.'