दारात मोटरसायकल आहे म्हणजे गरिबी संपली का हो?

गेल्या पंधरा दिवसात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. बॅचच्या ग्रुपवर, भाऊबंदांच्या ग्रुपवर, केळीच्या भावाच्या ग्रुपवर आणि शेवटी सासऱ्यांकडून. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. "गावात प्रत्येकाच्या दारात मोटरसायकल आणि हातात मोबाईल आहे. नीती आयोगच म्हणतो महाराष्ट्रात फक्त ७.८१ टक्के गरीब. पूर्वी सरळ उत्पन्न मोजायचे, आता कुपोषण, शाळा, संडास, चूल असलं परदेशी खूळ आणून गरीब वाढवून दाखवतात. एकच निकष ठेवा, उत्पन्नाचा दाखला. जो खरा गरीब त्याच्या खात्यात पैसे टाका, बाकी त्याचं तो बघून घेईल."

मी नंदुरबार जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी सेतू केंद्र चालवतो. उत्पन्नाच्या दाखल्याचे फॉर्म भरणं हाच धंदा, म्हणून त्याच मुद्द्यापासून सुरू करतो.

"एकच निकष, उत्पन्नाचा दाखला." अरे भो, तो दाखला कसा निघतो ते एकदा येऊन बघा. समोर माणूस बसतो, मी विचारतो वार्षिक उत्पन्न किती लिहू, तो मागे उभ्या बायकोकडे बघतो, बायको दाराकडे बघते, मग तो म्हणतो, "माले काय माहीत भो, तुमीच टाका." आणि तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच माहीत नसतं, कारण त्याला पगार नाही. दोन एकर कोरडवाहू, त्यात घरी खायची ज्वारी, थोडी मिरची तोडायला जाणं, आणि दिवाळीनंतर गुजरातला उसावर. मुकादमाने जी उचल दिली ती उत्पन्न धरायची का कर्ज? होळीला परत आल्यावर हिशोब केला तर कधी उचल फिटलेली असते, कधी उलट याच्याच अंगावर निघते. मग कुठल्या योजनेसाठी दाखला पाहिजे ते विचारतो आणि त्या योजनेच्या मर्यादेच्या आतला आकडा टाकतो, सगळेच टाकतात. संजय गांधी निराधारला कितीतरी वर्षं मर्यादा २१ हजार होती, तेव्हा आमच्या भागात सगळ्यांचं उत्पन्न बरोब्बर २१ च्या आत! ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्याचं पण. गंमत नाही, हाच तो "एकच निकष".

रावेर-यावलकडे केळीवाल्याला विचारा. एका वर्षी घड चांगल्या भावाने गेला तर लाखात, पुढच्या वर्षी मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली की बँकेचं देणं. कुठलं वर्ष धरणार?

"पूर्वी सरळ उत्पन्न मोजायचे." हे तर साफ चूक. आपल्या देशाची दारिद्र्यरेषा उत्पन्नावर नव्हतीच कधी, ती खर्चावर होती. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी जी रेषा काढली ती खेड्यात माणशी महिना ८१६ रुपये आणि शहरात १००० रुपये खर्चाची. म्हणजे दिवसाला साधारण २७ रुपये, त्याच्यावर गेलात की तुम्ही गरीब नाही. आणि खर्च मोजण्यात अजून एक गोम आहे, घरात कोणी आजारी पडलं, व्याजाने पैसे काढून सुरतेच्या दवाखान्यात घातले, तर त्या वर्षी खर्च वाढला, कागदावर घर सुधारलं.

"परदेशी खूळ." ऑक्सफर्डमध्ये सबिना अल्काएर आणि जेम्स फॉस्टर यांनी ही कुपोषण, शाळा, संडास असं सगळं मिळून गरिबी मोजायची पद्धत बसवली, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०१० पासून ती जगभर वापरली, हे बरोबर आहे. पण २००२ चा बीपीएल सर्व्हे आठवतो का? १३ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ मार्क, एकूण ५२. जमीन किती, घर कसं, कपडे किती, दोन वेळ जेवण मिळतं का, संडास आहे का, पोरं काय करतात. त्यात उत्पन्नाचा प्रश्न नव्हताच. त्यात वशिल्याची नावं घुसली तो भाग वेगळा, पण उत्पन्न सोडून बाकी मोजायची आयडिया आपल्याला काही साहेबाने शिकवली नाही.

आता मोटरसायकल. नीती आयोग त्याच पद्धतीने जो बहुआयामी गरिबी निर्देशांक काढतो त्यात १२ गोष्टी आहेत, तीन गटांत. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान, प्रत्येकाला एक तृतीयांश वजन. राहणीमानाच्या आत सात गोष्टी: सरपण, संडास, पाणी, वीज, घर, वस्तू, बँक खातं. तुमची मोटरसायकल आणि मोबाईल हे "वस्तू"मध्ये, दोन्ही असले की तिथे तुम्ही पास. पण त्याचं वजन शंभरात पाच पण नाही हो! घरात एक माणूस कुपोषित असला तर सोळा-सतरा. शिकायच्या वयातल्या पोरीची शाळा सुटली तर अजून तेवढेच. झाले ३३, आणि ३३ ला घर गरीब धरतात. चुलीवर स्वयंपाक असेल तर ३८. अशी घरं मला रोज दिसतात, हप्त्यावरची गाडी बाहेर उभी, आणि आत दोन वर्षांचं पोरगं बघितलं तर आठ महिन्याचं वाटतं.

गाडी हौस म्हणून नाही घेतलेली. पाड्यावरून बाजाराला यायला एसटी दिवसातून एखादी, ती पण पावसाळ्यात बंद. बरं, २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जातनिहाय सर्व्हेत मोटरसायकल असली की घर यादीतून आपोआप बाद, त्यापायी घरकुलाला मुकलेली कितीतरी माणसं माझ्यासमोर बसून गेली. ही अट शेवटी २०२४ मध्ये काढली. सरकारला कळलं, ग्रुपवाल्यांना अजून कळायचंय.

"फक्त ७.८१ टक्के." आता इथे मला हसू आलं. हा आकडा २०१९-२१ चा, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणावरून काढलेला, पण कशाचा? त्याच कुपोषण-शाळा-संडास-चूल निर्देशांकाचा, ज्याला पुढच्याच वाक्यात खूळ म्हटलंय! आणि "गरीब वाढवून दाखवतात" म्हणता, तर २०१५-१६ ला राज्याचा आकडा १४.८० होता, म्हणजे पाच वर्षात जवळपास निम्मा झाला. वाढवून कुठे दाखवला? राहिली सरासरी. २०१५-१६ च्याच आकड्यात नंदुरबारात निम्म्याहून जास्त लोक गरीब होते. पुण्या-मुंबईत मिसळलं की आमचं धडगाव, अक्कलकुवा कुठल्या कुठे विरघळून जातं.

"खात्यात पैसे टाका." टाका ना, कोण नको म्हणतं, पैसा लागतोच. लाडक्या बहिणीचे १५०० आले की बाजारात फरक दिसतो, मी बघतो. पण १५०० रुपयात पाड्यावर नर्स येत नाही. बाळंतीण बाईला झोळीत घालून सडकेपर्यंत आणतात तिथे खात्यातला पैसा काय करणार? उत्पन्नाचा आकडा एवढंच सांगतो की माणूस गरीब आहे. १२ गोष्टींचा तक्ता सांगतो कुठल्या साहेबाला जाब विचारायचा, पाण्याचा, शाळेचा का अंगणवाडीचा. सिलेंडरचंच बघा. उज्ज्वलाचा सिलेंडर कोपऱ्यात आणि स्वयंपाक पऱ्हाटीच्या काड्यांवर, अशी घरं ढिगाने. कनेक्शन वाटल्याचा आकडा शंभर टक्के दिसतो, पण हा सर्व्हे विचारतो की रोज रांधता कशावर.

आता मी त्या निर्देशांकाचा एजंट नाही. त्याच्यातही भोकं आहेत. खातं मोजतात, खात्यातले पैसे नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच जिल्ह्यात टेंभलीला दिलं, मग खाती पण धडाधड निघाली, तिथे सगळे पास. सर्व्हे चार-पाच वर्षांनी एकदा. उसावर गेलेल्या घराला कुलूप असेल तर ते घर निसटतं. आणि कुपोषण मोजताना लहान मुलं, ४९ पर्यंतच्या बाया आणि ५४ पर्यंतचे पुरुष, एवढ्यांचंच वजन-उंची घेतात. म्हातारं माणूस काट्यावर चढतच नाही.

अशी एक आजी दर चार-सहा महिन्यांनी माझ्याकडे येते. पोरगा-सून गुजरातला, ही एकटी, फडक्यात बांधलेली कागदं टेबलावर ठेवते आणि म्हणते बघ रे भाऊ काय लागतं ते. तिचा निराधारचा फॉर्म मीच भरला होता. उत्पन्नाच्या रकान्यात काय टाकलं असेल, ओळखा.