पहाटे पेट्रोल भरलं की जास्त मिळतं? नाही!

भाव वाढले की हा मेसेज हमखास फिरतो: "पेट्रोल पहाटेच भरा, थंड असतं, जास्त मिळतं." थंडीने पेट्रोल आकसतं हे खरं. पण पंपाची टाकी बहुधा जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. समजा १ अंशाचा फरक पडलाच, तरी ४० लिटरमागे जेमतेम ४० मिलिलिटर. दोन-तीन मोठे चमचे! तेवढ्यासाठी कृपया झोपमोड करून लांबचा पंप गाठू नका, त्या फेऱ्यातच जास्त जळेल. खरी बचत उजव्या पायाखाली आहे. ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेलात, की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. टपावरचं रिकामं कॅरियरही उतरवून ठेवा, तेही वारा अडवतं.