‘सावकाश ओत’ म्हणणाऱ्यांसाठी

पाहुण्यांपुढे किटलीतून चहा ओतायला घेतला की घरातलं कुणीतरी वडीलधारं हमखास म्हणतं, "सावकाश गं, सांडेल." माझं स्पष्ट मत आहे की सावकाश ओतल्यामुळेच तो सांडतो. आणि बोलणी खायची ओतणारीने! तसली किटली बनवणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही.

तोटीखालून किटलीवरच उतरणाऱ्या या ओघळावर भल्याभल्यांनी डोकं खर्च केलंय. १९५६ साली मार्कुस रायनर या इस्रायली शास्त्रज्ञाने त्याला ‘टीपॉट इफेक्ट’ असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी जोसेफ केलर या अमेरिकन गणितज्ञाने दाखवलं की यात हवेचा मोठा हात आहे. तोटीच्या ओठावरून वळताना चहाच्या धारेतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा तिला तोटीवरच दाबून धरते. तोटीच्या या गणितापायी त्याला आणि ज्याँ-मार्क वांडेन-ब्रोक यांना १९९९ चं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार. २०१० मध्ये फ्रान्समधल्या मंडळींनी दाखवलं की पृष्ठभाग पाणी झटकून टाकणारा असेल तर ओघळ येतच नाही. आणि २०२१ मध्ये व्हिएन्ना-लंडनच्या संशोधकांनी मुख्य गुन्हेगार पकडला: ओठाच्या खालच्या बाजूला लटकून राहणारा थेंब.

तो घरीही दिसतो. कप भरत आला की आपण जपून किटली सरळ करायला लागतो. धार बारीक होते, ओठाखालचा थेंब फुगतो, आणि बाकीचा चहा कप सोडून त्याच्या मागे जातो. तोटीखालून पोटावर, तिथून ट्रेमध्ये, आणि मग आजेसासूबाईंनी विणलेल्या टेबलक्लॉथवर.

आता आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात चहावाल्याकडे जाऊन बघा. पोचे आलेली ॲल्युमिनियमची किटली, तोटीचं तोंड पातळ पत्र्याचं, कापलेलं. काका वीतभर वरून जोरात धार सोडतात, ओळीने कप भरतात आणि मनगटाला झटका देऊन धार तोडतात. खाली थेंब नाही! धारदार कड आहेच, शिवाय वेग; आणि वेगाचं महत्त्व तर व्हिएन्नाच्या गणितातूनच निघतं. उलट लग्नात आलेल्या टी-सेटच्या तोटीचा ओठ जाड, गोल गरगरीत, वर सोनेरी रेघ. ओघळासाठीच घडवल्यासारखा.

ओठाखाली लोण्याचं बोट फिरवावं असा एक जुना उपाय आहे. पण गरम चहापुढे लोणी टिकणार किती, आणि दर वेळी लावणार कोण? त्यापेक्षा किटली गळ्यापर्यंत भरू नका. काठोकाठ भरलेली किटली जोरात कलवायची हिंमतच होत नाही. आणि घ्यायच्या आधी दुकानातच पाणी घालून ओतून बघा. मंगळ बाजारात मी हे मागितलं तेव्हा दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. "बेन, आ तो शोकेस माटे छे." म्हणजे ताई, हा तर शोकेससाठी आहे. निदान खरं तरी बोलला.

हल्ली मी पाहुण्यांपुढे सरळ पत्र्याची किटली ठेवते. आत्यांना ते पटत नाही. "घरात टपरी उघडलीस की काय?" म्हणतात. उघडली! सेटच हवा असेल तर त्या दिवशीचा टेबलक्लॉथ त्यांनी धुवायचा, असं आमचं ठरलंय.