एका रॉडसाठी अख्खा ओव्हन भंगारात घालायचा?

५३१ रुपये. साडेचारशे व्हिजिट चार्ज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. एवढे मोजून मला मिळालं काय, तर "मॅडम, खालचे दोन्ही रॉड गेलेत, या मॉडेलचा पार्ट येत नाही, एक्स्चेंजमध्ये नवीन घेऊन टाका" हे एक वाक्य. तो मुलगा आला, नॉब दोनदा इकडून तिकडे फिरवले, दार उघडून आत डोकावला आणि पावती फाडली. पाठीवरच्या बॅगेची चेनसुद्धा उघडली नाही. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला दिवसभरात पुण्याची दोन टोकं गाठायची असतात आणि वर नवीन ओव्हन खपवायचं टार्गेट असतं, हे त्यानेच पाणी पिता पिता सांगितलं. राग आहे तो त्याला रिकाम्या हाताने पाठवणाऱ्यांवर.

दिवाळीला आठ दिवस राहिले होते. माझ्याकडे नऊ किलो नानकटाईच्या ऑर्डरी होत्या. पहिला ट्रे बाहेर काढला तर नानकटाई वरून तांबूस आणि खालून पांढरीफटक, उचलायला गेलं की भुगा. ओव्हन सहा वर्षांचा, २८ लिटरचा, १५०० वॅटचा. वरचे रॉड लालबुंद, खालचे ढिम्म. तूप, साखर, वेलची, सगळं मळून तयार, आणि तक्रार नोंदवल्यापासून माणूस यायला पाच दिवस. माझी आई दिवाळीत पिठाचे गोळे डब्यात भरून बेकरीत न्यायची, भट्टीवाले काका भाजून द्यायचे. मीही शेवटी तेच केलं, साडेचार किलो तसं निभावलं, उरलेल्या ऑर्डरी हात जोडून परत केल्या. ज्यांना नाही म्हणावं लागलं त्यातल्या दोघी पुन्हा फोन करणार नाहीत, हे मला माहीत आहे.

बरं, ओटीजीत, म्हणजे रॉडवर तापणाऱ्या या साध्या ओव्हनमध्ये, असतं तरी काय? टायमर, थर्मोस्टॅट, वर-खाली निवडायचा स्विच आणि चार रॉड. संपलं. रॉड म्हणजे स्टीलची नळी, तिच्यात नायक्रोमच्या तारेची स्प्रिंग आणि तार नळीला टेकू नये म्हणून ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड. थर्मोस्टॅट म्हणजे दोन धातूंची चिकटवलेली पट्टी, तापली की वाकते आणि करंट तोडते. आमच्या घरी मातीच्या थाळीची विजेची शेगडी होती. तिची कॉइल गेली की बाबा कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी कॉइल आणायचे, ती हाताने सारखी ताणायचे, खाचेत बसवायचे, आणि त्याच संध्याकाळी तिच्यावर दूध तापायचं. इस्त्रीचं एलिमेंट आम्ही घरीच बदलायचो. ओव्हनच्या पोटात त्याहून अवघड असं काहीही नाही. मग तो सहा वर्षांत भंगार का ठरतो?

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगते, कारण लोक ओव्हन म्हटलं की दोन्ही एकच समजतात. मायक्रोवेव्ह मी उघडणार नाही आणि तुम्हीही उघडू नका. त्यातला कपॅसिटर दोन हजार व्होल्टच्या आसपास भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवू शकतो, तिथे जीव जातो. पण साध्या ओटीजीत असं काही साठून राहत नाही. पिन सॉकेटातून काढली, ओव्हन गार झाला की तो फक्त पत्र्याचा डबा असतो. तरी मागे स्टिकर तेच: आत ग्राहकाने दुरुस्त करण्यासारखं काही नाही. आहे! चार रॉड आहेत!

मी तो उघडायला घेतला. मागच्या पत्र्याला नऊ स्क्रू. सात साधे फुलीच्या खाचेचे आणि दोन तिकोनी खाचेचे. दोनच! त्या दोन स्क्रूंचा जोडणीशी काडीचा संबंध नाही, साध्या स्क्रूनेही तो पत्रा तितकाच घट्ट बसला असता. ते तिथे आहेत ते एवढ्यासाठीच की माझ्यासारखीने डबा उघडू नये. त्या दोघांसाठी अडीचशे रुपयांचा स्क्रूड्रायव्हरच्या बिटांचा सेट आणला. पत्र्याच्या कडा घासलेल्याही नाहीत, उजव्या हाताची करंगळी चांगली चिरली. बाहेरून दार काचेचं, चकचकीत, आणि आतली कड सुरीसारखी. गिऱ्हाईक आत बघणारच नाही याची यांना किती खात्री!

आणि आत बघितल्यावर तर डोकंच फिरलं. खालचे दोन रॉड एकापुढे एक जोडलेले आहेत. जुन्या दिवाळीच्या माळेसारखे, एक दिवा गेला की सगळी माळ बंद. स्विचकडच्या वायरी सोडवून मल्टीमीटर लावला, म्हणजे रॉड करंटला किती अडवतो ते ओहममध्ये मोजलं. वरचे दोन्ही रॉड प्रत्येकी ३५ ओहम. खालचा डावा ३५ ओहम. खालचा उजवा, स्क्रीनवर डावीकडे नुसता १, म्हणजे आतली तार तुटलेली. दोन्ही रॉड गेलेले नव्हतेच. एकच गेला होता! ज्याचे ५३१ रुपये घेतले ते निदानसुद्धा चुकीचं होतं. मल्टीमीटर माझ्याकडे तीनशे रुपयांचा आहे आणि हे तपासायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

आता तो एक रॉड मिळवायचा. कंपनीच्या हेल्पलाइनला परत फोन. एक दाबा, दोन दाबा, मराठीसाठी चार दाबा, मग हिंदीत बोलणारा माणूस. मॉडेल बंद झालंय. मी म्हटलं, मॉडेल बंद झालं असेल, माझं घर बंद झालेलं नाही. निदान रॉड किती व्होल्टचा, किती वॅटचा, एवढं सांगा, मी बाहेरून घेते. "ती माहिती आम्ही देऊ शकत नाही मॅडम." ही काय माहिती आहे की गुपित? एका गरम होणाऱ्या नळीचा वॅट! रॉडवर तरी छापलं असेल म्हणून तो उलटासुलटा करून, भिंग लावून बघितला. एक अक्षर नाही. दहा रुपयांच्या पेनवर कंपनीचं नाव, मॉडेल, देश सगळं असतं, आणि ज्या भागातून सव्वातीन अँपिअर करंट वाहतो त्या भागावर कोरं करकरीत स्टील.

तपकीर गल्लीत गेले. बुधवार पेठेतली ती गल्ली मला आवडते, स्विचपासून मोटरपर्यंत काय हवं ते तिथे मिळतं. पहिल्या दुकानात तुटलेला रॉड काउंटरवर ठेवला, तर मालक माझ्या मागे बघून विचारतात, "साहेब नाही आले का? साहेबांना पाठवा ना, त्यांना समजावून सांगतो." काका, रॉड मी काढलाय, ओहम मी मोजलेत, तुटलेला कुठला हे मला माहीत आहे. मला समजावून सांगायला काय होतं? मी ओहम म्हटलं तर ते हसले, लांबीला लांबी लावून बघितली आणि "ओव्हनचा रॉड आहे, बसून जाईल" म्हणत २२० रुपयांना एक हातात दिला. वाकून, पार आत हात घालून, अर्ध्या तासाने तो बसवला. ट्रेची डावी बाजू तशीच कच्ची, उजवी जराशी रंग धरलेली. काढून मोजला तर १३२ ओहम. २३० व्होल्टवर एकटा चालायला केलेला ४०० वॅटचा रॉड तो. माझ्या ओव्हनला हवा होता निम्म्या व्होल्टचा, कारण इथे दोन रॉड मिळून २३० व्होल्ट वाटून घेतात. खाली ७५० वॅट मिळायला हवे तिथे जेमतेम ३१५ मिळत होते, आणि त्यातलेही बहुतेक नवाच खात होता. दुकानदाराला हे माहीत नाही, कारण त्यालाही कुणी छापून दिलेलं नाही. त्याच्याकडे रॉडची जुडी रबर बँड लावून टांगलेली असते, चिठ्ठीशिवाय.

दुसऱ्या फेरीला मल्टीमीटर पर्समध्ये घालून गेले. तिसऱ्या दुकानातल्या एका तरुण दादाने सगळी जुडी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "ताई, मोजा तुम्हीच." त्याचे उपकार आहेत माझ्यावर. अकरावा रॉड ३६ ओहम निघाला. १८० रुपये.

त्याच दादाने आणखी एक गोष्ट सांगितली जी कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही: टोकांना डाग देऊ नका, म्हणजे वायर सोल्डरने जोडू नका. नेहमीचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं, ओव्हनच्या बाजूच्या कप्प्यात रॉडच्या टोकाला तेवढी उष्णता सहज पोचते, डाग सुटला की वायर पत्र्यावर पडणार. जोड नट-वॉशरचा किंवा वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या लगचा, आणि वायर काचेच्या धाग्याच्या वेष्टणाची. घरात वापरतो ती प्लास्टिकची वायर तिथे चालत नाही, वितळते. माझ्या ओव्हनला कंपनीने मूळ वायर रॉडच्या टोकाला वेल्डिंगनेच चिकटवली होती. नट नाही, आटे नाहीत. कापल्याशिवाय ती निघणारच नाही. एक नट लावायला कंपनीला किती पैसे पडले असते?

रॉड बसवला, पिन लावली, बटण दाबलं, घरातली सगळी वीज गेली. ट्रिप. पुन्हा चढवलं, पुन्हा ट्रिप. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "अर्थिंगची वायर काढून टाका, मग ट्रिप होणार नाही." आणि हे सांगणारा तो एकटा नाही! शेजारच्या काकांनी हेच सांगितलं, माझ्या दिराने हेच सांगितलं. अहो, तो ट्रिप होतोय कारण करंट गळतोय. वीज तोडणारं ते बोर्डातलं यंत्र ३० मिलिअँपिअर गळती दिसली की तोडतं, माणूस वाचावा म्हणून. अर्थिंग काढलं की तोच करंट पत्र्याच्या अंगावर बसून राहणार आणि ओल्या हाताने दार उघडणाऱ्याची वाट बघणार. माझ्या घरात ते दार माझी अकरा वर्षांची मुलगी उघडते. असले सल्ले लोक किती सहज देतात, संताप होतो नुसता.

कारण साधं होतं. रॉडमधली ती पांढरी पूड हवेतला ओलावा ओढून घेते. रॉड अख्खा पावसाळा दुकानात टांगलेला, टोकांतून दमट झालेला. मी त्याच्या वायरी सोडवल्या, सुट्या टोकांना चिनी मातीचे कनेक्टर लावले, स्विच फक्त वरच्या रॉडवर ठेवला आणि १५० अंशांवर तासभर ओव्हन रिकामा चालवला. नवा रॉड आतल्या आत वाळला. मग पिन काढून, गार होऊ देऊन, सगळं परत जोडलं. ट्रिप नाही. एवढंच होतं ते! हे माहीत नसल्याने किती जणींनी नवाकोरा रॉड फेकला असेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्थिंग काढून वापरत असतील.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. पण सुटा भाग इतकी वर्षं विकलाच पाहिजे, असं कंपनीला बजावणारा कायदा आपल्याकडे अजून नाही. युरोपियन युनियनमध्ये वॉशिंग मशीनची मोटर, पंप असे भाग मॉडेल बंद झाल्यावरही किमान १० वर्षं मिळाले पाहिजेत, असा नियम २०२१पासून लागू आहे. म्हणजे कंपन्यांना जमतं. कुणी कान पिळला की सगळं जमतं. आपल्याकडे मात्र १८० रुपयांच्या नळीसाठी बारा किलोचा पत्रा, काच, तांबं भंगारवाल्याच्या गाडीवर चढवायचं आणि सात हजारांचा नवा आणायचा, त्यालाही तेच दोन तिकोनी स्क्रू असणार. माझी नोकरी नाही, या ओव्हनवर माझे महिन्याचे चार पैसे चालतात. सात हजार म्हणजे माझ्या कितीतरी ट्रेंचा नफा.

काल कंपनीचा मेसेज आला. "आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण करण्यात आले आहे. कृपया १ ते ५ गुण द्या." कुणी केलं निराकरण? तुम्ही? मी फोन करून तक्रार पुन्हा उघडायला लावली. संध्याकाळपर्यंत ती परत बंद केलेली होती. आज पुन्हा उघडायला लावली. उद्या बंद केली तर उद्या परत लावणार.

ओव्हन चालतोय. आज सकाळी अर्धा किलोचा ट्रे काढला, खालून एकसारखा बदामी रंग. मागचा पत्रा बसवताना ते दोन तिकोनी स्क्रू कचऱ्यात टाकले आणि तिथे साधे लावले. आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला काळ्या मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं: खालचे रॉड दोन, एकापुढे एक, प्रत्येकी ३५ ते ३६ ओहम, लांबी ३६ सेंटिमीटर, डाग देऊ नये, अर्थिंग काढू नये.