मलाच वाचायचंय

आज दुपारी अप्पा बळवंत चौकात गेले होते. पुस्तकाच्या दुकानात शेजारी एक आई आणि तिचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा. त्याने चित्रांचं पुस्तक उचललं तर आई म्हणाली, "हे काय बाळांचं घेतोस, स्कॉलरशिपचं गाईड बघ." त्याने ते खाली ठेवलं, पण पानात अडकवलेलं बोट काही लवकर काढेना. मग माझा नंबर आला, माझ्या हातातही मुलांचंच पुस्तक. "मुलाचं वय काय मॅडम?" म्हटलं मलाच वाचायचंय, तर काउंटरवरचा माणूस हसला!

राग आलाय मला. मोठ्यांनी काय फक्त शेअर मार्केट आणि यशाचे मंत्रच वाचायचे का?

बाबांना पॅरालिसिस झाला तेव्हा बोलणं जवळपास गेलंच होतं. पेपर वाचून दाखवला की भिंतीकडे तोंड करायचे. शेवटी माळ्यावरून माझे 'किशोर'चे जुने अंक काढले, बालभारतीने १९७१ साली सुरू केलेलं हे मासिक आमच्याकडे दर महिन्याला यायचं. एका गोष्टीत एक मुलगा जत्रेत हरवतो. "त्याला खूप भीती वाटली," एवढंच सरळ वाक्य. बाबांनी चांगल्या हाताने माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "मी... पण."

जन्मात कधी त्यांच्या तोंडून भीती हा शब्द ऐकला नव्हता. आपण मोठे लोक स्ट्रेस म्हणू, बीपी म्हणू, पण भीती वाटते म्हणणार नाही.

हो, मुलांच्या पुस्तकांतही उपदेशाचे डोस असतात, मान्य. पण साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, त्यात रोज रात्री श्यामची गोष्ट ऐकायला कोण बसतं? आश्रमातले त्याचे मित्र, चांगली मोठी माणसं, आणि त्यांच्यासमोर तो आपल्या चुका सांगत रडतो. तिथे कुणी वय विचारत नाही.

त्या आईवर आता तेवढा राग नाही राहिला, तिलाही कुणीतरी असंच पुस्तक खाली ठेवायला लावलं असेल. मीच त्या मुलाला काही बोलले नाही, ते जास्त लागलंय.

बाबा लहानपणी खरंच कुठे हरवले होते की तेव्हा त्या कॉटवर, ते मी विचारलं नाही आणि आता विचारता येणार नाही. पुढे गोष्टीत लाऊडस्पीकरवरून त्या मुलाचं नाव पुकारतात आणि आजोबा धावत येतात. ते पान बाबांनी त्या संध्याकाळी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.