ब्रेक लिहिला म्हणून कोड विटाळत नाही

गाळप हंगाम सुरू झाला की चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यातल्या साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांवर रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात, आणि त्या खेपांच्या नोंदी तपासणारा जावास्क्रिप्टमधला कोड बेळगावात बसून आम्ही लिहितो. खेपांच्या निव्वळ वजनाची बेरीज करत जायचे आणि जिथे भरलेल्या ट्रॉलीचे वजन रिकाम्या ट्रॉलीपेक्षा कमी नोंदलेले दिसेल, तिथे थांबून तोवरची बेरीज व त्या खेपेचा पावती क्रमांक दाखवायचा, एवढीच मागणी आहे. साध्या फॉर लूपमध्ये, म्हणजे यादीतली एकेक नोंद घेऊन तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या फेऱ्यांत, याला एक अट आणि त्या फेऱ्या तिथेच थांबवणारा एक ब्रेक पुरतो. परंतु आमच्या चमूत फॉर लूप निषिद्ध ठरला आहे, कारण म्हणे तो ‘फंक्शनल’ नाही, म्हणजे चलांची मूल्ये बदलत न बसता फंक्शनांतूनच काम करण्याच्या शैलीत बसत नाही.

मग काय वापरायचे? यादीतल्या प्रत्येक खेपेवर आपले फंक्शन चालवणारे फॉरइच वापरा, असे सांगितले जाते. त्याला दिलेल्या फंक्शनमध्ये रिटर्न लिहिले, तर ते फक्त त्या एका खेपेपुरते बाहेर पडते आणि पुढची खेप निमूटपणे सुरू होते. ब्रेक लिहिला, तर कोड चालतच नाही. फॉरइच मध्येच थांबवण्याचा एकमेव मार्ग म्हणजे एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) फेकणे, म्हणजे खानापूरला उतरायचे म्हणून धावत्या गाडीची साखळी ओढणे. त्यात वर कुणी असे सगळे इशारे गिळणारा कॅच लिहून ठेवला असेल, तर आपले थांबणे आणि खरोखरची चूक यांतला फरकच नाहीसा होतो.

दुसरा शहाणा सल्ला एव्हरी (‘सगळ्या खेपा अटीत बसतात का?’) किंवा सम (इंग्रजी some, ‘एखादी तरी बसते का?’) वापरण्याचा असतो. ही दोन्ही मध्येच थांबतात हे खरे, पण ती हो-नाही असे उत्तर देण्यासाठी आहेत, बेरजा करण्यासाठी नव्हेत. एव्हरीमध्ये महिरपी कंस घालून रिटर्न लिहायचे राहून गेले, तर ते पहिल्याच खेपेला थांबते. सममध्ये तीच चूक झाली, तर ते शेवटपर्यंत थांबतच नाही. आणि दोन्हीकडे एका शब्दाचीही तक्रार येत नाही. उरला रिड्यूस, जो यादीतून जात जात सगळ्याचे मिळून एकच उत्तर बनवतो. त्यात बेरजेबरोबर ‘आता थांबलो आहे’ असा झेंडा वागवावा लागतो आणि काम संपल्यावरही उरलेल्या प्रत्येक खेपेला तो झेंडा दाखवत यादीच्या टोकापर्यंत जावेच लागते. सहा ओळींच्या कामासाठी हा प्रपंच उभा करणाऱ्यांनी माझ्या ब्रेकला अशुद्ध म्हणावे, याचा मला मनापासून संताप येतो.

सर्वांत चीड आणणारी गोष्ट ही, की ज्या फंक्शनल भाषांच्या नावाने हे सोवळे पाळले जाते, त्या भाषांनी हा प्रश्न केव्हाच ओळखलेला आहे. हास्केलचे मूल्यमापन आळशी, म्हणजे गरजेपुरताच हिशेब करणारे, असल्यामुळे उजवीकडचा फोल्ड (तिथला रिड्यूस) अनंत यादीवरही मध्येच थांबू शकतो. क्लोजरने 2013 मध्ये ‘रिड्यूस्ड’ दिले, ज्यात गुंडाळून परत केलेले उत्तर मिळताच रिड्यूस तिथेच आटोपते. एलिक्सरमध्ये ‘रिड्यूस व्हाइल’ आहे, तिथे पुढे जायचे की थांबायचे हे प्रत्येक टप्प्यावर उघडपणे सांगावे लागते. माझी खेपांची बेरीज त्यात सरळ बसली असती. जावानेसुद्धा 2014 मध्ये स्ट्रीम (याद्यांवरच्या फंक्शनल क्रिया) आणल्यावर, अट मोडताच थांबणारे ‘टेकव्हाइल’ द्यायला 2017 उजाडवले, पण दिले. आमच्याकडे मात्र त्या भाषांकडून थांबण्याची सोय कुणी घेतली नाही, फक्त लूपवरचा राग तेवढा घेतला. (जावास्क्रिप्टच्या 2025 च्या प्रमाणात इटरेटरसाठी (एकेक नोंद पुढे देणाऱ्या वस्तूसाठी) नव्या पद्धती आल्या आहेत, त्यांतल्या काही आळशीही आहेत, पण तिथल्या रिड्यूसलाही मध्येच थांबता येत नाहीच.)

बेरीज फंक्शनच्या आतल्या चलात होते, बाहेरचे काहीही बदलत नाही आणि त्याच खेपा दिल्या की तेच उत्तर येते. याहून अधिक शुद्धता कोणाला हवी आहे? माझा फॉर लूप त्याच्या ब्रेकसकट तिथेच राहील. ज्याला तो खुपत असेल, त्याने ऐन हंगामात मध्यरात्री काट्यावरून येणारा फोन स्वतः उचलावा आणि आपला झेंडेवाला रिड्यूस किती शुद्ध आहे, हे तिथल्या कारकुनाला मराठीत किंवा कन्नडमध्ये, जमेल त्या भाषेत, समजावून सांगावे.