दुपारी मलूल पानं म्हणजे पाणी कमी? खुलासा

‘मे महिन्यात पानं मलूल दिसली की लगेच पाणी घाला, दिवसातून तीनदा’ असा संदेश पुण्यातल्या गच्चीवरच्या बागवाल्यांमध्ये फिरतोय. कृपया तसं करू नका. भर उन्हात दुधी, काकडी, वांगी माती ओली असतानाही माना टाकतात, कारण मुळं शोषतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडून जातं. ऊन उतरलं की ती सावरतात. आधी बोट दोन इंच मातीत खुपसा. ओल लागली तर थांबा. सतत चिंब मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, रोप पुन्हा मलूल होतं आणि माणूस आणखी पाणी ओततो! माती कोरडी असेल तर मात्र वेळ न बघता, तळातून निथळेपर्यंत मुळाशी द्या. मातीवर दोन इंच पाचट (उसाची वाळलेली पानं) पसरा, दुपारपुरती 50 टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी शेडनेट बांधा.